नाव ‘नामशेष’, तरी फुललंय!

एखाद्याचं नावच ‘संपलेला’ असं ठेवलं आणि तो समोर येऊन उभा राहिला तर? दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरमधल्या एका रोपट्याच्या बाबतीत हे खरंच घडलंय. त्याचं नाव गॅस्टेरँथस एक्स्टिंक्टस. गॅस्टेरँथस म्हणजे ‘पोटाचं फूल’. भडक केशरी, खालून पोट सुटल्यासारखं फुगलेलं, वर इवलंसं तोंड... फोटो बघाच, नाव लगेच पटतं. आणि एक्स्टिंक्टस म्हणजे अर्थातच नामशेष.

२००० साली हे नाव ठेवलं गेलं ते हर्बेरियममधल्या जुन्या, वाळलेल्या नमुन्यांवरून. तोवर रोपट्याचं घरच गेलं होतं. ते घर म्हणजे सेंतिनेला, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेली एक डोंगरधार. इथलं जंगल मेघवन. ढग थेट झाडांवर टेकतात, धुकं पानांवरून ठिबकत राहतं आणि त्या ओलाव्यावर शेवाळं, ऑर्किडं, नेचे असं सगळं गोकुळ नांदतं. अल्विन जेंट्री आणि कॅलवे डॉडसन या वनस्पतिशास्त्रज्ञांना तिथे सुमारे ९० जाती अशा वाटल्या, की ज्या जगात दुसरीकडे कुठेच नसाव्यात. पण रस्ते आले, पाठोपाठ केळी, कोको, पाम यांची लागवड आली. पश्चिम इक्वेडोरमधलं ९७ टक्क्यांहून जास्त जंगल तुटलं. ई. ओ. विल्सन यांनी तर नोंद होण्याआधीच जाती संपण्याला या डोंगराचंच नाव दिलं. सेंतिनेलाचा स्पॅनिशमधला अर्थ ‘पहारेकरी’, हे आणखी एक!

२०२१ मध्ये इक्वेडोर आणि अमेरिकेतल्या संशोधकांची टीम सॅटेलाइट फोटोंवरून जंगलाचे उरलेसुरले तुकडे हेरून तिथे पोहोचली, आणि जवळपास ४० वर्षांनी ते केशरी फूल दिसलं. त्यांनी ते तोडलं नाही. फोटो काढले, गळून पडलेली फुलं तेवढी उचलली, तज्ज्ञाकडून खात्री करून घेतली. भन्नाट गोष्ट पुढेच आहे. त्यांना आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर याच रोपाचे फोटो सापडले! लोकांनी टाकलेले, ओळख न पटलेले. म्हणजे ‘नामशेष’ रोपटं ऑनलाइन होतं, फक्त कोणी ओळखलं नव्हतं.

बरं, आता नाव बदलायचं का? नाही. नाव शोभत नाही एवढ्या कारणावरून ते बदलता येत नाही, असा वनस्पतिशास्त्राचा नियमच आहे.

२०२४ मध्ये आणखी एक पेपर आला. फक्त सेंतिनेलाच्या समजल्या गेलेल्या जवळजवळ सगळ्या जाती इतर ठिकाणीही सापडल्यात, असं त्यात म्हटलंय. बातमी चांगलीच आहे, पण ‘मग काळजी कसली?’ असं कोणी म्हटलं तर ते काही पटत नाही. जाती वाचल्या, डोंगरावरचं जंगल परत आलेलं नाही. जे उरलंय ते धबधब्याजवळ, उतारावर, शेतांच्या मधोमध अडकलेलं. यातले काही तुकडे तरी वाचावेत म्हणून ही टीम आता स्थानिक संवर्धकांसोबत काम करतेय. एखाद्या शेतमालकाने उद्या आणखी चार ओळी केळी लावायच्या ठरवल्या, तर त्यातला एखादा तुकडा त्यातच जाईल.