मैत्रीची पहिली अट समता

सर्वधर्म समभावाचे कार्यक्रम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. व्यासपीठावर निरनिराळ्या वेशांतले धर्मगुरू रांगेने बसतात. शाली दिल्या-घेतल्या जातात, सगळे धर्म प्रेमच शिकवतात असे प्रत्येक जण सांगतो, शेवटी हातात हात घालून छायाचित्र निघते आणि कार्यक्रम संपतो. त्या मंडपात सतरंज्या घालणारा आणि उचलणारा माणूस रात्री कोणत्या वस्तीत परत जातो, हा प्रश्न व्यासपीठावर कोणी विचारत नाही. कोणी विचारलाच, तर ‘इथे राजकारण नको’ असे म्हणून त्याला गप्प बसवले जाते. म्हणूनच आमच्या वाचकांना अशा कार्यक्रमांचे अप्रूप राहिलेले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

पण मग धर्माधर्मांतली मैत्री ही मुळातच ढोंगाची गोष्ट आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. प्रश्न मैत्रीचा नाही, मैत्रीच्या अटींचा आहे. कोणत्या अटीवर हात मिळवायचा आणि कोणत्या कारणासाठी तो सोडायचा, हे ज्यांनी लेखी ठरवले, मतदानाला टाकले आणि त्याची किंमत मोजली, अशा एका धर्मसंस्थेचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत. ती संस्था म्हणजे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्च (यू.एस.ए.).

‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडीलधारा माणूस. या पंथात बिशप नाही. सभासद आपले वडील निवडतात, ते पाळकांच्या बरोबरीने कारभार पाहतात आणि सर्वांच्या वर प्रतिनिधींची महासभा असते. स्वित्झर्लंडमधील कॅल्व्हिन आणि स्कॉटलंडमधील जॉन नॉक्स यांच्या परंपरेतून हा पंथ आला. या रचनेमुळे एक गोष्ट होते. दुसऱ्या चर्चशी किंवा दुसऱ्या धर्माशी कसे वागायचे, हे एका गादीवरून ठरत नाही. ठराव येतो, वाद होतो, मते मोजली जातात. चूक झाली तर तीही नोंदवहीत राहते. म्हणूनच यांचा इतिहास तपासता येतो.

आणि त्या इतिहासाची सुरुवात गौरवाची नाही. १८६१ साली अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले, तेव्हा हे चर्च उत्तर आणि दक्षिण असे दुभंगले. एकच बायबल, एकच उपासना, एकच शिकवण. पण दक्षिणेतले धर्मपंडित त्याच बायबलातून गुलामगिरीचे समर्थन काढून दाखवत होते. युद्ध चार वर्षांत संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, पण दोन चर्चे एकत्र यायला १९८३ साल उजाडावे लागले. म्हणजे १२२ वर्षे! धर्मग्रंथाच्या आधाराने माणसामाणसांत घातलेली भिंत कायदा बदलल्याने आपोआप पडत नाही, हे आम्हाला कोणी नव्याने सांगायला नको. मनुस्मृती राज्यघटनेने मोडीत निघाली. ती मनांतून निघाली काय?

या चर्चमधला एक माणूस मात्र लक्षात ठेवावा असा आहे. युजीन कार्सन ब्लेक हे उत्तरेकडील प्रेस्बिटेरियनांचे मुख्य सचिव होते. डिसेंबर १९६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका एपिस्कोपल कॅथेड्रलमध्ये प्रवचन देताना त्यांनी अमेरिकेतील प्रमुख प्रोटेस्टंट चर्चेसनी एक व्हावे, असा प्रस्ताव मांडला. त्यावर १९६२ साली वाटाघाटींची समिती उभी राहिली. असे प्रस्ताव मांडणारे विद्वान पुष्कळ असतात. ब्लेक यांचे वेगळेपण पुढे दिसले. ४ जुलै १९६३ रोजी बाल्टिमोरजवळच्या ज्या करमणूक उद्यानात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता, तिथे ते निदर्शकांबरोबर गेले आणि त्यांना अटक झाली. पुढच्याच महिन्यात, २८ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग बोलले त्याच व्यासपीठावरून ब्लेकही बोलले. चर्च या लढ्यात उशिरा आले आहे, फार उशिरा आले आहे, अशी कबुली त्यांनी लाखो लोकांसमोर दिली. ‘आम्ही तुमचे उद्धारक’ अशी भाषा न करता ‘आम्ही उशिरा आलो’ असे म्हणणारा उच्चस्थ धर्माधिकारी दुर्मीळच. हेच ब्लेक १९६६ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९६९ साली, त्या परिषदेने वर्णद्वेषाविरुद्धचा कार्यक्रम हाती घेतला.

ब्लेक यांच्या प्रस्तावातून एकच मोठे चर्च काही उभे राहिले नाही. चाळीस वर्षे चर्चा चालली. पण त्या टेबलाभोवती आफ्रिकी-अमेरिकी लोकांची तीन मेथडिस्ट चर्चेसही बसली होती. बिशप असावा की नसावा, हा गोऱ्या चर्चेसचा आवडता वाद. काळ्या चर्चेसनी विचारले, आमच्या माणसाला तुमच्या शहरात घर मिळत नाही, त्याचे काय? अखेर २००२ साली, जिथे किंग यांचा खून झाला त्या मेम्फिस शहरातच, या चर्चेसनी विलीनीकरणाचा नाद सोडून एकमेकांना मान्यता देणारा करार केला, आणि वर्णद्वेषाशी लढणे हे त्या कराराचे सामाईक काम ठरवले. टेबलाभोवती कोण बसले आहे यावर टेबलावर काय येते ते ठरते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

धर्मशास्त्रातली जुनी भांडणेही या चर्चने एकेक करून मिटवली. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त कोणत्या अर्थाने हजर असतो, यावर १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचे फाटले होते. ते भांडण १९९७ च्या करारात शमले. त्या करारानुसार प्रेस्बिटेरियन, लुथरन आणि आणखी दोन चर्चेस एकमेकांचा बाप्तिस्मा मानतात, एकमेकांच्या पंगतीला बसतात आणि एकमेकांचे पाळक स्वीकारतात. नावे वेगळी, कारभार वेगळा, पण पंगत एक. ज्या वेस्टमिन्स्टर जाहीरनाम्यात पोपला ख्रिस्तविरोधी म्हटले होते, त्यातले ते शब्द अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांनी १९०३ मध्ये काढले, आणि २०१० मध्ये कॅथलिकांशी परस्परांचा बाप्तिस्मा मानण्याचा करार मान्य केला. कॅथलिकांबरोबर एका पंगतीला बसणे मात्र अजून झालेले नाही, आणि ते झाले आहे असा देखावाही कोणी करत नाही. जेवढे जुळले तेवढे जुळले म्हणायचे, उरले ते उरले म्हणायचे. हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडतो.

पण या सगळ्यात आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि तीही पंगतीचीच आहे. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च हे प्रेस्बिटेरियनांचे भाऊबंद. १८५७ साली त्या चर्चच्या सभेने ठरवले, की सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच बायबलला धरून आहे, पण काही जणांच्या दुर्बलतेमुळे काळ्यांची उपासना वेगळी ठेवायला हरकत नाही. दुर्बलता कोणाची? काळ्या माणसाशेजारी बसून एका प्याल्यातून पिणे ज्यांना सहन होत नव्हते त्या गोऱ्यांची! आजाराचा मान राखला गेला आणि निरोग्याला बाहेर बसवले. पुढे १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे चर्चच काढले गेले. वेगळा प्याला, वेगळे बाक, वेगळे मंदिर, वेगळे स्मशान. वाचकहो, ही गोष्ट दूर आफ्रिकेतली आहे असे वाटते काय? त्या सोयीतूनच पुढे अपार्थाइडचे राज्य उभे राहिले आणि त्याला धर्माची मोहोर मिळाली.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील ओटावा येथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसची परिषद भरली. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनही तिचे सभासद होते. प्रभुभोजनाची वेळ आली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील काही काळ्या आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी जेवणाला बसायला नकार दिला. मायदेशी जे आम्हाला आपल्या पंगतीला बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर इथे परदेशात बसून एकीचे नाटक आम्ही करणार नाही, हा त्या नकाराचा अर्थ. एवढ्याशा कृतीने परिषद हादरली. अपार्थाइड हे पाप आहे आणि धर्माच्या नावाने त्याचे समर्थन करणे हा पाखंड आहे, असे परिषदेने जाहीर केले. गोऱ्यांच्या दोन चर्चेसचे सभासदत्व निलंबित झाले, आणि बहिष्कृत समाजातले अ‍ॅलन बोसाक अध्यक्ष निवडले गेले. इथे वाटाघाट नव्हती, ‘दोन्ही बाजू’ नव्हत्या. मैत्री ठेवायची असेल तर आधी विषमता सोडा, एवढेच सांगितले गेले.

त्याच वर्षी केपटाऊनजवळील बेलहार या वस्तीत मिश्रवर्णीयांच्या चर्चने ऐक्य, समेट आणि न्याय यांवरचा आपला जाहीरनामा मांडला. १९८६ मध्ये तो पक्का झाला. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियनांनी हा बेलहार जाहीरनामा २०१६ साली आपल्या श्रद्धाग्रंथात घेतला. गोऱ्यांचे प्रचंड बहुमत असलेल्या चर्चने काळ्यांच्या वस्तीत लिहिलेला दस्तऐवज स्वतःची श्रद्धा म्हणून स्वीकारला, ही लहान गोष्ट नव्हे. पण हेही सांगितले पाहिजे, की पहिल्या प्रयत्नात, २०११ मध्ये, त्याला आवश्यक ती दोनतृतीयांश मान्यता मिळाली नव्हती.

इतर धर्मांशी वागण्याची रीतही याच अनुभवातून घडत गेली. १९६७ च्या जाहीरनाम्यात या चर्चने एक धाडसी गोष्ट मान्य केली: धर्म म्हणून ख्रिस्ती धर्मही माणसांनी घडवलेला आहे, त्यात दोष असतात, आणि इतर धर्मांकडे मोकळेपणाने आणि आदराने पाहिले पाहिजे. १९८७ साली ज्यूंविषयीच्या निवेदनात, ज्यूंची जागा आता ख्रिस्ती लोकांनी घेतली आहे ही जुनी समजूत नाकारली. २०१४ मध्ये आंतरधर्मीय संबंधांवर स्वतंत्र भूमिका मंजूर झाली. स्वतःची श्रद्धा न लपवता, दुसऱ्याची न हिणवता शेजारी म्हणून वागायचे, असे त्या धोरणाचे सार आहे.

परंतु शेजाऱ्याशी संबंध गोड असताना न्यायाचा प्रश्न आला तर? तीच कसोटी पॅलेस्टाइनवरून लागली. इस्रायलच्या ताब्यातील प्रदेशात धंदा करणाऱ्या कंपन्यांतून आपला पैसा काढण्याची प्रक्रिया महासभेने २००४ मध्ये सुरू केली. ज्यू संघटना दुखावल्या. २००६ मध्ये भाषा मवाळ झाली. अखेर २०१४ मध्ये डेट्रॉइट येथे ३१० विरुद्ध ३०३ अशा सात मतांच्या फरकाने तीन कंपन्यांतील भांडवल काढण्याचे ठरले. त्याच ठरावात इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्कही मान्य केला होता. ज्यूंमधलाच एक गट ठरावाच्या बाजूने उभा होता, ही गोष्ट विसरू नये. संवाद कडवट झाला खरा. पण ज्या संवादात खरे बोलायची सोय नाही, तो संवाद कसला?

किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागली. समलिंगी व्यक्तींना पाळक होण्याचा मार्ग २०११ मध्ये मोकळा होताच मेक्सिकोतील प्रेस्बिटेरियन चर्चने १३९ वर्षांचे नाते तोडले. देशातही मंडळ्या बाहेर पडल्या. १९८३ मध्ये ३१ लाखांच्या आसपास असलेली सभासदसंख्या आता १० लाखांच्या घरात आली आहे. या घसरणीला इतरही कारणे आहेत. पण फुटीचा वाटा नाकारता येत नाही.

या पंथाचा आमच्या मातीशीही संबंध आहे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. मिरजेचे डॉ. वानलेस यांचे रुग्णालय त्याच मिशनचे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात प्रेस्बिटेरियन परंपराही मिसळली. त्या प्रदीर्घ वाटाघाटींत बिशप आणि बाप्तिस्मा हे मोठे प्रश्न होते. लहान मुलांचा बाप्तिस्मा करायचा की मोठ्यांचा, यावर दोन्ही रीती मान्य करून तोडगा निघाला. पण धर्मांतरानंतरही चर्चमध्ये शिल्लक राहिलेल्या जातीचे काय? बाबासाहेबांनी तो प्रश्न आपल्या लेखनात फार आधी विचारला होता. ख्रिस्ती जगात तो धर्मशास्त्राचा प्रश्न म्हणून मांडला अरविंद निर्मल यांनी, १९८१ साली बंगळूरच्या एका भाषणात, म्हणजे ओटावाच्या एक वर्ष आधी. जागतिक चर्च परिषदेने दलितांच्या न्यायासाठी बँकॉकला परिषद भरवली ती २००९ मध्ये. ब्लेक यांचेच शब्द इथेही लागू पडतात: फार उशीर झाला.

आमचा निष्कर्ष साधा आहे. धर्मसंवादाचे निमंत्रण आले तर नाकारू नका. पण जाताना तीन प्रश्न बरोबर न्या. टेबलाभोवती कोण बसले आहे? जे बाहेर आहेत त्यांचा प्रश्न विषयपत्रिकेवर आहे काय? आणि विषमता सोडायला नकार देणाऱ्याला उठून जा असे सांगायची तुमची तयारी आहे काय? उत्तरे मिळाली तर जरूर बसा. नाही मिळाली, तर ओटावाच्या त्या प्रतिनिधींसारखे पंगतीतून उठण्याची हिंमत ठेवा. काही वेळा सगळ्यांचे डोळे उघडायला तेवढे उठणेच पुरे होते.