निवृत्तीचा धावदोरा

थोरल्या ताई निवृत्तीनंतर इंदूरच्या आमच्या घरी गोधडी शिवावयास बसल्या. मातोश्रींच्या जीर्ण महेश्वरी लुगड्यांस कात्री लावण्यास आम्हीच विरोध केला. अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी महेश्वरास विणकर वसविले. त्या परंपरेचे हे वस्त्र! "मग पेटीत ठेवून कसरीस घालावयाचे का?" ताईंनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

या लुगड्याचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा. त्यामुळे गोधडीस उलटी बाजू उरलीच नाही. कडेकडून आत धावदोरा घालताना ताईंची दुपार सहज सरते. दृष्टी मंदावल्याने सुईत दोरा ओवण्याचे काम मात्र आमच्याकडे आहे. परवा धीर करून आम्हीही एक ओळ घातली. ताईंनी ती न बोलता उसवली व सुई पुन्हा आमच्याच हाती दिली.