वाय-फायचा तोतया

एका होस्टेलच्या जिन्यात चिकटवलेला कागद: वाय-फाय कसं जोडावं. नेटवर्क निवडा, ‘पीईएपी’ निवडा, ‘सीए सर्टिफिकेट’समोर ‘डू नॉट व्हॅलिडेट’ करा, मग युजरनेम-पासवर्ड. घात तिसऱ्याच पायरीवर होतो.

प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला की नेटवर्क पक्कं, हा समज अर्धाच खरा. सगळ्यांना एकच पासवर्ड वाटण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण सर्टिफिकेट म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरचं ओळखपत्र, आणि ते बघूच नकोस असं आपण फोनला बजावलेलं असतं. मग कॅन्टीनमध्ये कुणी सॅकमधल्या राउटरला कॉलेजच्याच नेटवर्कचं नाव दिलं, तर खिशातला फोन आपणहून तिथे लॉगिन करायला जातो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा निदान चौकशी तरी झाली. फोन तेवढंही करत नाही.

‘पण पासवर्ड उघडा थोडाच जातो?’ नाही जात. बहुतेक ठिकाणी तो ‘एमएस-चॅप-व्ही2’ नावाच्या जुन्या पद्धतीने गुंडाळून जातो. 2012 मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफकॉन परिषदेत दाखवलं, की हे वेष्टण म्हणजे शेवटी 56 बिटांची एक डीईएस किल्ली, आणि खास यंत्रावर ती दिवसभरात सापडते. पासवर्ड कितीही लांबलचक असो, त्या नेटवर्कवर तुमच्या नावाने शिरायला तेवढं पुरतं. पासवर्ड सोपा असेल तर तो अख्खाच हाती लागतो. कॉलेजचा ईमेल त्याच पासवर्डवर चालत असेल तर मग बघायलाच नको.

नेटवर्कचं नाव लपवल्यानेही फारसं साधत नाही. उलट ते शोधण्यासाठी फोनच जागोजागी त्या नावाने हाका मारत फिरतो. ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे ठरावीक उपकरणांच्या ओळखक्रमांकांनाच, प्रवेश देण्याची युक्तीही तशीच. ते पत्ते हवेत उघडेच असतात, उचलून आपल्या लॅपटॉपला चिकटवता येतात.

उलट्या बाजूचा बागुलबुवाही आहे: उघडं वाय-फाय वापरलं की बँक खातं रिकामं. 2010 मध्ये ‘फायरशीप’ नावाच्या ब्राउझरच्या जोडणीने शेजारच्याचं फेसबुक उघडून दाखवलं, तेव्हा ही भीती रास्त होती. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असतात. तुम्ही कुठे जाता ते बऱ्याचदा कळतं, काय टाइप करता ते नाही.

‘एज्युरोम’ या विद्यापीठांच्या सामायिक वाय-फायबद्दलही लोक साशंक असतात. 2002 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सुचलेली ही योजना भारतातही आहे, आणि तिची रचना चांगली आहे. फक्त नेटवर्कचं नाव जगभर एकच, त्यामुळे पुण्यात चुकीचं जोडलेला फोन म्युनिकच्या स्टेशनवरही तोतयाला फसेल. एज्युरोमचं स्वतःचं ॲप वापरलं तर सर्टिफिकेटची सेटिंग आपोआप बसते.

2020 च्या डिसेंबरात गूगलने पिक्सेल फोनवरून ‘डू नॉट व्हॅलिडेट’ काढूनच टाकलं. तुमच्या फोनवर ‘यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स’ निवडा आणि खालच्या ‘डोमेन’च्या रकान्यात कॉलेजच्या सर्व्हरचं नाव भरा. ते नाव संगणक केंद्रात विचारा, जिन्यातल्या कागदावर नसतं.