परांजपे, मुक्काम जबलपूर

हिंदी मुलखातल्या जबलपूरनं एका मराठी माणसाला चार वेळा लोकसभेत पाठवलं: १९८२, १९८९, १९९६ आणि १९९८. बाबूराव परांजपे त्यांचं नाव. नुसत्या मराठी मतांवर हे जमणं शक्यच नव्हतं, म्हणूनच या यशाचं मोल मला अधिक वाटतं.

१९८२ ची पोटनिवडणूक आठवा. भाजपला जेमतेम दोन वर्षं झालेली, पक्षानं लोकसभेची एकही सार्वत्रिक निवडणूक लढवलेली नाही. त्यात परांजपे जिंकले. पुढं १९८४ च्या लाटेत मध्य प्रदेशातल्या चाळीसच्या चाळीस जागा काँग्रेसनं घेतल्या. ग्वाल्हेरमध्ये वाजपेयीसुद्धा पडले. जबलपूर अजय नारायण मुश्रान यांच्याकडे गेलं. १९८९ मध्ये वारं फिरलं आणि परांजपे परत दिल्लीला पोचले. १९९१ ला श्रवण पटेल, मग पुन्हा दोनदा परांजपे.

आता जबलपूरच्या खासदारांची आडनावं ओळीनं वाचा. परांजप्यांच्या आधीचे सेठ गोविंददास मारवाडी घराण्यातले, हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक जिंकणारे सत्तावीस वर्षांचे शरद यादव होशंगाबादकडचे, इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजचे विद्यार्थी नेते. मुश्रान काश्मिरी पंडित, पटेल गुजराती.

बाहेरची आडनावं इथं चालतात, याचं कारण जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये सापडतं, असं माझं मत आहे. स्टेशनाजवळची ही इंग्रजी अमदानीतली वसाहत म्हणजे बदलीवर येणाऱ्यांचा मुलूख. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे रूळ जबलपूरला जुळले, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, शेजारी छावणी होतीच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ लाच संपला होता, तरी नागपूरशी नातं टिकलं, कारण प्रांताची राजधानी तीच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं, राजा गोकुळदासांनी बांधलेल्या इमारतीत. मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लाही नागपूरहूनच आले. जिथं बाहेरगावचा साहेब, कारकून, वकील हीच रोजची गोष्ट, तिथं उमेदवाराला 'तुमचं गाव कोणतं?' असं विचारणार कोण?

१९९९ मध्ये भाजपनं जयश्री बॅनर्जींना उभं केलं. त्याही निवडून आल्या.