१८९३च्या आधीचं गिरगाव

गिरगावचा इतिहास लिहायला बसणारा हमखास केशवजी नाईकांच्या चाळीपासून सुरुवात करतो. १८९३चा सार्वजनिक गणेशोत्सव, टिळकांची व्याख्यानं, १९२०मध्ये चौपाटीवर त्यांना दिलेला अग्नी. हे मोलाचं खरं, पण यावर पुष्कळ लिहून झालं आहे. चाळीच्या आधी इथे काही घडलंच नाही असा समज करून देणाऱ्यांनी मात्र या वस्तीवर अन्याय केला आहे.

फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही मुळात झाडांची नावं. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या वाडीतल्या जागा ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या आणि खोताची वाडी वसली. लाकडी व्हरांड्यांच्या त्या घरांतही मराठी बोलली जाई. शेजारधर्म इथे कुणी व्याख्यानातून शिकवला नव्हता.

गिरगावचं खरं वैभव प्रार्थना समाज. त्याची मुळं १८४९च्या परमहंस सभेत. जातिभेद मोडायला निघालेली ती सभा गुप्तपणे चाले आणि १८६०च्या सुमारास, सभासदांची नावं फुटण्याच्या भीतीनं विस्कटली. सभेचे आधारस्तंभ दादोबा पांडुरंग. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि या वेळी उघडपणे. मूर्ती नाही, पण तुकोबांचे अभंग आहेत. पुढे रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे उपासक आहेत. जात सोडल्याची शपथ समाजानं घ्यायला लावली नाही म्हणून त्याला भित्र्यांचा मेळावा ठरवणारे विद्वान आजही भेटतात. त्यांनी समाजानं कामगारांसाठी चालवलेल्या रात्रशाळा पाहाव्यात. याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, तेही पाहावं. भित्र्यांच्या हातून अशी कामं होत नसतात.

१० एप्रिल १८७५ला आर्य समाजही गिरगावातच जन्मला. त्याची भरभराट पंजाबात झाली, म्हणून इथे एवढंच.

११ मार्च १८८९ला पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई जोशी होत्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. १८९३च्या मार्चमध्ये गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. म्हणजे चाळीत गणपती बसण्याच्या काही महिने आधी! तरीही १८९३ म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते.

आता प्रार्थना समाज म्हणजे बहुतेकांना बसचा थांबा. खोताच्या वाडीतली कितीतरी घरं पडली, मेट्रोसाठी जुन्या इमारती गेल्या, बिऱ्हाडं बोरिवली-डोंबिवलीला पांगली. घर रिकामं करताना पेटीतली जुनी पत्रं, वर्गणीच्या वह्या, प्रार्थना समाजाच्या ‘सुबोधपत्रिके’चे अंक रद्दीत निघतात. गणेशोत्सवाचे अहवाल मंडळं जपतात, तसे हे कागद जपायला कुणी पुढे येत नाही. निदान जी घरं अजून उभी आहेत, तिथल्या पेट्या उघडून पाहण्याचं काम कुणीतरी याच वर्षी हाती घ्यायला हवं.