मणिकर्णिकेच्या पुढे

काशीचे घाट पायी हिंडूनही पाहता येतात. पण पायऱ्यांवर उभं राहिलं की नजरेत येतात त्या पायऱ्याच. त्यांच्या वरचे सहा-सहा मजली वाडे, बुरूज, ओवऱ्या आणि शिखरं डोक्यावर राहतात आणि मान दुखेपर्यंत वर पाहिलं तरी पूर्ण दिसत नाहीत. या साऱ्या इमारती नदीकडे तोंड करून बांधल्या आहेत. त्या अख्ख्या पाहायच्या तर पाण्यात उतरावंच लागतं. म्हणून काशीला जाणाऱ्याने एक खासगी नाव ठरवून तास-दोन तास गंगेत काढावेत. त्यातही मराठी माणसाने नाव जरा जास्त वेळासाठी ठरवावी. बहुतेक फेऱ्या मणिकर्णिकेपाशी वळतात आणि मराठ्यांनी घडवलेल्या काशीचा मोठा भाग तिथूनच पुढे सुरू होतो.

हिमालयातून निघून बंगालच्या उपसागराकडे जाणारी गंगा काशीत मात्र वळून उत्तरेकडे वाहते. या उत्तरवाहिनी वळणाच्या बाहेरच्या, पश्चिमेच्या काठाला कंकराच्या टणक मातीची उंच धार आहे. नदी तिला सहजी कापू शकत नाही, म्हणून शहर तिथे वसलं आणि टिकलं. समोरचा पूर्वेचा काठ सखल आणि वाळूचा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, त्यामुळे शेकडो वर्षं तिथे कुणी घर बांधलं नाही. याचा फायदा होडीत बसलेल्याला मिळतो. सूर्य त्या मोकळ्या काठावरून उगवतो आणि मधे काहीही आड येत नसल्याने पहिलं ऊन थेट घाटांवर पडतं. चुनारच्या खाणींतून नदीमार्गे आणलेला वालुकाश्म त्या उन्हात पिवळसर गुलाबी होतो. सकाळच्या फेरीला लोक पहाटे साडेचार-पाचला उठून जातात, ते याच उजेडासाठी.

दक्षिणेच्या अस्सी घाटापासून उत्तरेला वरुणेच्या संगमावरच्या आदिकेशवापर्यंत ८४ घाट मोजतात. अंतर साधारण सहा-सात किलोमीटर. अस्सीहून निघालं तर प्रवाह सोबतीला असतो, नावाड्याला फारसं वल्हवावं लागत नाही. खरे कष्ट परतताना. तेव्हा तो नाव काठाला अगदी चिकटवून नेतो, कारण काठाशी धार मंद असते. प्रवाशाला त्यामुळे एकच घाट दोन अंतरांवरून पाहायला मिळतो: जाताना मधून अख्खा, येताना हाताच्या अंतरावरून.

नाव कोणती घ्यायची हा पहिला प्रश्न. काही वर्षांपूर्वीपर्यंत डिझेलच्या इंजिनांचा धूर आणि खडखडाट इथे ठरलेला असे. अलीकडे शेकडो नावांना सीएनजीची इंजिनं बसवली आहेत आणि त्यांच्यासाठी नमो घाटावर सीएनजी भरण्याचं केंद्रही आहे. २०१८पासून अलकनंदा नावाचं मोठं क्रूझ चालतं. शिवाय ‘बजडा’ म्हणतात त्या दुमजली मोठ्या नावा आहेत, त्यांत माणशी तिकीट देऊन बसता येतं. पण दोन-चार जणांच्या कुटुंबाने वल्ह्यांचीच नाव घ्यावी असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. इंजिनाची नाव घाटांपासून दूर राहते आणि झपाट्याने पुढे जाते. वल्ह्यांची नाव थांबते, मागे येते, एखाद्या कोरीव खिडकीखाली घटकाभर उभी राहते. नावाड्याचा आवाजही ऐकू येतो.

हे नावाडी निषाद, मल्लाह, मांझी समाजाचे. रामाला गंगा पार करून देणारा केवट आणि रामाचा मित्र निषादराज गुह यांच्याशी ते आपलं नातं सांगतात. निषादराजांच्या नावाचा घाटही इथे आहे. कोणत्या घाटावर कुणी नाव लावायची याचे पिढीजात हक्क आहेत आणि ते काटेकोर पाळले जातात. म्हणून एका घाटावर ठरवलेली नाव दुसऱ्या घाटावरून प्रवासी उचलायला कचरते. अनेक घरांची चूलच या नावांवर पेटते. मोठी क्रूझ आली तेव्हा या समाजाने रोजगाराच्या काळजीने विरोध केला होता, तो समजून घेण्यासारखा आहे.

अस्सीहून नाव सुटली की लगेच तुलसी घाट येतो. तुलसीदासांचा अखेरचा काळ इथे गेला. काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र काशी हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकी शिकवत. पहाटे गंगेत श्रद्धेने बुडी मारणारा आणि दिवसा त्याच पाण्यातले जिवाणू मोजणारा हा माणूस. १९८२मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं आणि गंगेचं पाणी किती दूषित आहे याचे आकडे वर्षानुवर्षं लोकांसमोर ठेवले. १९८६मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ काशीच्याच घाटावर झाला. पैसा पुष्कळ खर्च झाला, सांडपाणी प्रक्रिया केंद्रंही उभी राहिली, तरी ज्या अस्सी नदीवरून घाटाला नाव मिळालं ती आज नाला होऊन वाहते. होडीतून हात पाण्यात घालताना हे ठाऊक असलेलं बरं.

तुलसी घाटाला लागूनच भदैनी मोहल्ला. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा काशीत राहत होते, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. तांब्यांची मुलगी इथे जन्मली. माहेरचं तिचं नाव मणिकर्णिका, सासरचं लक्ष्मीबाई. झाशीच्या राणीचं जन्मस्थान काठावरून चालत पाच मिनिटांवर आहे, पण नावाड्याला विचारल्याशिवाय तो सहसा सांगत नाही.

पुढे चेतसिंगाचा किल्ला. १७८१मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या या राजाला इथे कैद केलं, तेव्हा राजा खिडकीतून नदीकडे उतरून निसटला होता. नावेतून त्या भिंतीची उंची पाहिली की प्रसंगाची कल्पना येते. मग हरिश्चंद्र घाट, केदार घाटाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्या, आणि थोड्या वेळाने खांबांचा, बुरुजांचा भव्य दरभंगा महाल. आज तिथे महागडं हॉटेल आहे. पण ही वास्तू दरभंग्याच्या महाराजांकडे गेली ती विसाव्या शतकात. ती बांधली नागपूर दरबारचे श्रीधर नारायण मुन्शी यांनी आणि शेजारच्या मुन्शी घाटाला त्यांचं नाव राहिलं आहे.

त्याला लागून अहिल्याबाई घाट. काशी विश्वनाथाचं मंदिर १६६९मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडलं गेलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८०च्या सुमारास, अहिल्याबाई होळकरांनी आजचं मंदिर उभारलं. शिखरावरचं सोनं नंतर पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलं. शेजारचा दशाश्वमेध घाटही अठराव्या शतकात पेशव्यांच्या पुढाकाराने पक्का बांधला गेला. संध्याकाळची आरती होते तो हाच घाट. पण ती जुन्या काळापासून अशीच चालत आली असं समजू नये. आजचं तिचं भव्य रूप १९९०च्या दशकातलं आहे. आरतीच्या वेळी समोर नावांची एवढी दाटी होते की एका नावेतून दुसऱ्या नावेत पाय टाकत चहावाले फिरतात.

इथे थोडं थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच नव्हती. अयोध्येच्या नवाबाकडून ती १७७५मध्ये थेट इंग्रजांच्या कंपनीकडे गेली. पेशव्यांना काशी-प्रयाग हवे होते, त्यासाठी वाटाघाटी झाल्या, पण हाती काही आलं नाही. तरीही दुसऱ्याच्या राज्यातल्या या शहरात पुण्याहून, इंदूरहून, नागपूरहून आणि ग्वाल्हेरहून पैसा येत राहिला. पहिल्या बाजीरावाच्या आई राधाबाई १७३५मध्ये काशीयात्रेला आल्या होत्या, आणि त्याच काळात सदाशिव नाईक हे बाजीरावाचे कारभारी इथे घाट बांधून घेत होते. इतिहासकार अ. स. अळतेकर काशी हिंदू विद्यापीठात शिकवत. आजचं बनारस मोठ्या प्रमाणात मराठ्यांनी घडवलं, असं मत त्यांनी मांडलं होतं. नाव उत्तरेकडे सरकू लागली की त्यांना काय म्हणायचं होतं ते दिसू लागतं.

त्याआधी मान मंदिर घाटावरची सवाई जयसिंहाची वेधशाळा येते. ललिता घाटावर नेपाळचे राजे राणा बहादूर शहा काशीत राहत असताना सुरू झालेलं लाकडी मंदिर दिसतं आणि पलीकडे विश्वनाथ धामाचा २०२१मध्ये खुला झालेला रुंद जिना. मग मणिकर्णिका. लाकडाच्या वखारी, धूर, अहोरात्र पेटत्या चिता. अग्नी डोम समाजाच्या हातचा. लाकडं आजही मोठ्या नावांतून येतात. इथे नावाडी स्वतःहून कॅमेरा खाली ठेवायला सांगतात आणि त्यांचं ऐकावं. आपल्या माणसाला निरोप देणारी कुटुंबं तिथे उभी असतात.

बहुतेक नावा इथून मागे फिरतात. आपण पुढे जावं.

लगेचच पाण्यात तिरकं उभं असलेलं रत्नेश्वर महादेवाचं मंदिर लागतं. वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. आईचं ऋण फेडल्याची बढाई मारणाऱ्या मुलाचं मंदिर कललं, अशी कथा नावाडी रंगवून सांगतात. वजनदार दगडी बांधकामाखालचा काठ खचला हे त्यामागचं साधं कारण. शिंदे घाटाचंही तसंच झालं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास तो इतका भव्य बांधायला घेतला की स्वतःच्याच भाराने तो खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. थोडं पुढे नागपूरकरांचा भोसले घाट आहे. लहान खिडक्यांच्या उंच भिंतीचा आणि किल्ल्यासारखा भक्कम. मग राम घाट, जटार घाट. मराठी आडनाव धारण करणारा हा घाट एखाद्या पर्यटकाला कुणी मुद्दाम दाखवल्याचं क्वचितच ऐकू येतं.

पंचगंगा घाट या फेरीचा कळस मानावा. कार्तिकात उंच बांबूंवर वेताच्या टोपल्यांत आकाशदिवे लागतात ते इथे. हजार दिव्यांची दगडी दीपमाळ अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाते. वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद, जिथे पूर्वी बिंदुमाधवाचं मोठं मंदिर होतं. आजचं बिंदुमाधव मंदिर शेजारी आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. मशिदीचे उंच मिनार एके काळी कोसांवरून दिसत. जेम्स प्रिन्सेपने १८२०च्या दशकात त्यांची डागडुजी केली होती, पण विसाव्या शतकात एक कोसळला आणि दुसरा धोका म्हणून उतरवला गेला. जवळच पेशव्यांशी जोडलेलं बालाजी मंदिर. याच मंदिरात बिस्मिल्ला खाँ लहानपणापासून मामांच्या हाताखाली सनईचा रियाज करत. मराठी पेशव्यांचं मंदिर, त्यात मुसलमान घराण्याची सनई आणि समोर गंगा. काशीचा स्वभाव ओळखायला हे एक ठिकाण पुरेसं आहे.

मराठी माणसांची काशीशी ये-जा पेशव्यांच्याही आधीची. संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका शके १४९५ला, म्हणजे १५७३मध्ये, काशीतच पूर्ण केली. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४मध्ये आलेले गागाभट्टही इथलेच, मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातले. ही वर्दळ पुढे स्थिरावली ती पंचगंगेच्या उत्तरेला, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत. नाना फडणविसांचा वाडा याच भागात. शंभर वर्षांहून जुना सार्वजनिक गणेशोत्सव इथे अजून होतो आणि काही घरांत मराठी अजून बोलली जाते. हिंदी पत्रकारितेचे भीष्म मानले जाणारे ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर १८८३मध्ये काशीतल्या अशाच मराठी कुटुंबात जन्मले. शहरात त्यांच्या नावाचं स्मृतिभवन आहे. नाव इथे अर्धा तास थांबवावी, वर चढून गल्लीत फिरून यावं.

आता व्यवहाराचं. नाव ठरवताना भाव माणशी की अख्ख्या नावेचा, वेळ किती आणि कोणत्या घाटापर्यंत, या तीन गोष्टी बसण्याआधीच बोलून घ्याव्यात. ‘एक घंटा’ एवढंच ठरलं तर मणिकर्णिकेहून परत, हे गृहीत धरावं. ‘पंचगंगा तक’ असं स्पष्ट म्हणावं आणि दोन तासांचे पैसे द्यावेत. वल्हवणाऱ्या माणसाशी शेवटच्या दहा रुपयांपर्यंत घासाघीस करू नये, उलटं वल्हवताना त्याचे खांदे काय सोसतात ते समोर दिसतंच. लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि घालावंही. हिवाळ्यात दूरदेशीचे पांढरे कुरव पक्षी नावेभोवती घिरट्या घालतात आणि त्यांना टाकायला तळलेल्या शेवेची पाकिटं विकली जातात. ती घेऊ नयेत, हे त्यांचं अन्न नव्हे.

ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सूर्य उशिरा दिसतो, तेव्हा फेरी तासभर पुढे ढकलावी. कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीच्या रात्री, नावांचे भाव अनेक पटींनी चढतात आणि महिनोन्‌महिने आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात मात्र बेत आखू नये. काशीची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पाणी वाढू लागलं की प्रशासन नावा बंद करतं, घाटांचा एकमेकांशी संपर्क तुटतो आणि आरती वरच्या पायऱ्यांवर किंवा गच्चीवर होते.

ज्यांच्याकडे आणखी वेळ आहे त्यांनी पंचगंगेहून परतूच नये. प्रवाहाबरोबर त्रिलोचन, प्रल्हाद घाट मागे टाकत १८८७च्या मालवीय पुलाखालून जावं. पुलाच्या अलीकडे-पलीकडे राजघाट आणि नमो घाट आहेत. तिथे उतरून नावाड्याला मोकळं करावं आणि रिक्षाने शहरात यावं. हे आधी ठरवलेलं असलं तर तो परतीच्या श्रमाचे पैसे भाव सांगतानाच धरतो.