धरण भरलेलं, नळ कोरडा: ताऱ्यांचा जन्मदर का घटला?

महास्फोट झाला, लगोलग तारे जन्मले आणि तेव्हापासून विश्व हळूहळू विझत चाललं आहे, असं चित्र पुष्कळांच्या मनात असतं. प्रत्यक्षात ताऱ्यांचा जन्मदर आधी वाढत गेला, मग शिगेला पोचला आणि नंतर घसरला. विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं. हा दर सर्वाधिक होता तो महास्फोटानंतर साडेतीन अब्ज वर्षांनी, म्हणजे आजपासून सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी. आज तो जेमतेम एक-दशांश उरला आहे. पिएरो मदाऊ आणि मार्क डिकिन्सन यांनी २०१४ साली तोवरच्या निरीक्षणांचा आढावा घेतला. त्यानुसार आजच्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानापैकी फक्त चौथा हिस्सा त्या शिखराआधी तयार झाला होता. जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर तीस कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिका दिसल्या, तेव्हा सगळं गणितच कोसळल्याच्या बातम्या झळकल्या. त्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा तेजस्वी आहेत हे खरं, पण इतक्या विरळ आहेत की एकूण हिशेबात त्यांचा वाटा अल्पच. आपला सूर्य तर ४.६ अब्ज वर्षांचा, बहर ओसरल्यानंतरचा.

इथे एक शंका रास्त आहे. लांबच्या दीर्घिका अंधूक दिसतात, नवजात तारे धुळीत दडलेले असतात. मग हा चढउतार खरा की आपल्या नजरेचा दोष? १९९६ साली मदाऊ आणि सहकाऱ्यांनी हबलच्या छायाचित्रांवरून सुरुवातीचा आलेख काढला, तेव्हा ही अडचण होतीच. मात्र धूळ ताऱ्यांचा अतिनील प्रकाश शोषून तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. हर्शेलसारख्या अवकाश दुर्बिणींनी ती मोजली. धुळीआडचे तारे हिशेबात धरल्यावर शिखर नाहीसं झालं नाही, उलट उंचावलं. वेगळ्याच वाटेने आलेली साक्ष २०१८ साली फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीने दिली. ताऱ्यांनी आजवर सोडलेला प्रकाश अवकाशभर पसरलेला आहे आणि दुरून येणारे गॅमा किरण त्यात थोडे शोषले जातात. ७३९ सक्रिय दीर्घिका आणि एका गॅमा-स्फोटाच्या किरणांतली ही घट तपासून ताऱ्यांच्या जन्माचा इतिहास काढला गेला. या पद्धतीत अंधूक दीर्घिका स्वतः दिसण्याची गरजच नसते. तरीही शिखर साधारण त्याच काळात आलं.

मग घसरण का? ‘हायड्रोजन संपत आला’ हे सर्वांत लोकप्रिय उत्तर आणि माझ्या मते सर्वांत दिशाभूल करणारं. विश्वातल्या साध्या पदार्थापैकी ताऱ्यांत गेलेला भाग एक-दशांशाहूनही कमी. उरलेला बहुतेक अजून वायूच आहे. धरण भरलेलं आहे, पण नळाला पाणी नाही. तारा जन्मायला वायू थंड आणि दाट लागतो, आणि तो दीर्घिकेत फार काळ पुरेल इतका कधीच नसतो. याचा ठोस पुरावा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीने दिला. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरची अतिक्षीण रेडिओलहर सोडतो. आठ अब्ज वर्षांच्या प्रवासात विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाऊन सुमारे ४२ सेंटिमीटरची होते. इतक्या लांबच्या एकेका दीर्घिकेची ही लहर वेगळी टिपणं जवळजवळ अशक्य. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सरासरी काढली. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: वायू मुबलक होता, पण खर्चच एवढा की नवी भर पडली नाही तर तो एक-दोन अब्ज वर्षांत संपावा. म्हणजे दीर्घिका शिलकीवर जगत नाहीत, आवकेवर जगतात. याच गटाच्या २०२२ मधल्या मोजणीत नऊ ते आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात अशा दीर्घिकांतला सरासरी अणुरूप हायड्रोजन वायू जवळपास एक-तृतीयांशावर आलेला दिसला.

दीर्घिकांच्या टकरी कमी झाल्या म्हणून दर घटला, हेही पुरेसं उत्तर नाही. बहराच्या काळात टकरींतून उसळणारे असे भडके एकूण तारानिर्मितीत दहाव्या हिश्शाच्या आसपासच होते. बाकीचे तारे शांतपणे फिरणाऱ्या, वायूने गच्च भरलेल्या दीर्घिकांत जन्मले. कृष्णऊर्जेवर खापर फोडण्यात तर कालक्रमच आड येतो, कारण तिच्यामुळे विश्वाचं प्रसरण वेग घेऊ लागलं ते पाच-सहा अब्ज वर्षांपूर्वी आणि घसरण त्याच्या कितीतरी आधीची. आवक आटली ती एकीकडे प्रसरणामुळे पदार्थ विरळ होत गेल्याने आणि दुसरीकडे, जड दीर्घिकांभोवती कोसळणारा वायू लाखो अंशांपर्यंत तापू लागल्याने. तो पुन्हा थंडावू लागला की मध्यातलं महाकाय कृष्णविवर आडवं येतं. पर्सियस दीर्घिकासमूहात अशा कृष्णविवराच्या झोतांनी तप्त वायूत पाडलेल्या पोकळ्या चंद्रा दुर्बिणीला स्पष्ट दिसल्या आहेत. यावरून एक अपेक्षा निघते: जड दीर्घिका आधी थांबाव्यात. निव्वळ वयाने दीर्घिका थकत असत्या, तर आकार कोणताही असो, सगळ्या साधारण बरोबरीने थंडावल्या असत्या. पण सर्वांत जड लंबवर्तुळाकार दीर्घिका सर्वांत आधी थांबल्या. आपली मध्यम वजनाची आकाशगंगा अजूनही वर्षाला एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाएवढे तारे घडवते आहे, आणि एकट्या असलेल्या बहुतेक लहान दीर्घिकांत तारानिर्मिती अजून चालूच आहे.